फिजिक्सचे पंचेचाळीस गोळे

"नीलमच्या मैत्रिणीले, त्या उज्मालेच इचारा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पेपरच्या दिवशी अमरावतीले संग तीच गेली व्हती."

तहसीलात कारकून असलेला त्यांचा लेक नागसेन पोरीचा निकाल चौथ्यांदा पाहत होता. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत नीलमला बायोलॉजी, केमिस्ट्रीत भरभरून मार्क. फिजिक्समध्ये उणे पाच.

"उज्माले फिजिक्स आपल्या नीलमनंच शिकवलं, आत्याबाई," सून शकुन म्हणाली. "ते सुटली, अन् हे बुडाली?"

"म्हनूनच तं. गाडीत खजूर चारला व्हता तिनं."

"खजुरानं फिजिक्स जाते काय?"

मनकर्णाबाईंनी मोर्चा वळवला. "मंग तो अकोल्याचा क्लासवाला अनुप सर! निकाल लागून घंटा नाय झाला, अन् त्याचा फोन. सोमवारी नवी बॅच म्हने. आपली पोर नापास झाली, हे त्याले कोनं सांगतलं?"

नीलम खाटेवर बसून गोधडीचा काठ भरत होती. मान वर नाही. गेल्या साली ती एकदाच म्हणाली होती, मले कपड्याचं डिझाईन शिकाचं हाय. नागसेननं टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"पोरी, पेपर कसा गेल्ता?"

"चांगला, आजी."

खोटं नव्हतं. त्या दिवशी मूर्तिजापूरला परत आल्यावर तिनं तीन भाकरी खाल्ल्या होत्या. पेपर बिघडलेल्या पोरीच्या घशाखाली घास उतरत नसतो. "म्हंजे कागदच कोनंतरी बदलला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नागसेननं उत्तरपत्रिकेची प्रत काढून आणली होती. "नंबर हिचा. सही हिची. कोनंच काही बदललं नाही, आई. टेन्शन आलं असन. पोर एक वर्स अजून अकोल्याले राहीन, पेपर पुन्हा देईन. सोमवारी पाठवतो."

"तिले इचारलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

नीलमनं दाताने दोरा तोडला. "बाबा म्हनतील तसं."

"आन तो कागद इकडं."

"तुले काय समजते त्यातलं?"

"अक्षर नाय समजत. गोळे तं दिसते ना?"

एकेका प्रश्नापुढे चार गोळे, त्यातला एक काळा केलेला. फिजिक्सची रांग नागसेननं बोटानं दाखवली. मनकर्णाबाई वरून खाली पाहत गेल्या. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग तिसरा, दुसरा, पहिला. पुन्हा दुसरा.

त्या उठल्या. खाटेपाशी जाऊन त्यांनी तो कागद गोधडीच्या काठाला लावून धरला. वळण तेच होतं. हा नागमोडी काठ नीलम सात वर्षांची असताना त्यांनीच तिला शिकवला होता.

"काय दिसलं, आई?" नागसेननं तिथूनच विचारलं.

"मशीननं घोळ केला असन. सोमवारचं राहू दे. पोर कुठीच जात नाय."

मग कागदाची घडी घालून त्या नीलमच्या कानाशी वाकल्या.

"पंचेचाळीस टाके, अन् एक बी चुकला नाय."