चार नळ्यांची गाडी

"आई तुला काय सांगून गेली?" काजलने तिसऱ्यांदा विचारलं.

हरेशने बायकोकडे बघत हातातला पाना खाली ठेवला. साडेपाच वाजत आले होते. शेणव्यातल्या त्याच्या गॅरेजसमोर आठ-दहा माणसं जमलेली. त्याची आई, सावळी, सकाळी टोपली घेऊन करवंदांना गेली होती. ती अजून आली नव्हती. मोबाइल ती ठेवत नव्हती. आणि करवंदांना म्हणजे कुठं? जाळ्या काय एकाच डोंगराला असतात?

"सांगितल्याबिगर सावळी रानात जात नाय," शेजारचा कमळूकाका म्हणाला. "शेवटची तुझ्याशीच बोलली रे ती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

बोलली होती. ते खरंच होतं.

सकाळी हरेश मुरबाडच्या विपुलशेटच्या गाडीत डोकं घालून उभा होता. तीस वर्षं जुनी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. तिचं गंजलेलं एक्झॉस्ट काढून त्याने नवं हेडर स्वतःच्या हाताने बनवलं होतं. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या स्टीलच्या चार नळ्या, पुढे एका जाड पाइपात मिळणाऱ्या. सगळं मोबाइलवर बघून शिकलेला. नळीत वाळू ठासायची, तापवायची, मग वाकवायची, म्हणजे चेपत नाय. पंधरा दिवस खपला होता. इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा गॅरेजचे पत्रे थरथरले. अंगावर काटा आला त्याच्या.

तेवढ्यात आई दारात आली. ओठ हलले. रस्त्याकडे हात केला. मग चार बोटं दाखवली. त्याला वाटलं, नळ्या मोजतेय, कौतुक करतेय. त्याने अंगठा वर केला. ती हसली आणि गेली.

मग दिवसभर दुसरं काही सुचलंच नाही. नवं हेडर तीनदा तापवायचं, तीनदा थंड करायचं, दर वेळी बोल्ट कसायचे. गाडी घेऊन रस्त्याने तीन चकरा मारल्या त्याने. जेवलासुद्धा नव्हता.

"नाय ऐकलं मी," तो शेवटी म्हणाला. "गाडी चालू होती."

"गाडी चालू होती!" कमळूकाकाने कपाळावर हात मारला. "बंद करायला काय बोटं झडली होती का रे तुझी?"

काजलने तोंड फिरवून रस्त्याकडे बघितलं. ते जास्त लागलं.

विपुलशेट गाडी न्यायला आला होता. तो घाईघाईने आत बसला. "चल रे, याच गाडीने शोधू. आवाज असला भारी बनवलायस, डोंगरापल्याड ऐकेल ती." त्याने चावी फिरवली. पत्रे थरथरले. चारही नळ्या गरजायला लागल्या.

चार.

आई या गॅरेजात नळ्या मोजायला कधी आली होती?

"बंद करा!" तो ओरडला. "विपुलशेट, बंद करा ती!"

विपुलशेटने त्याच्याकडे बघितलं, हसला आणि अंगठा वर केला.

हरेशने खिडकीतून हात घालून चावी ओढली.

"चार वाजता न्यायला ये, असं सांगत होती ती," तो काजलला म्हणाला. "रस्त्यावर. गुडघा दुखतो तिचा, भरली टोपली घेऊन ती लांब चालणार नाय. मोरीच्या वळणाला असेल. खालीच जाळ्या हायेत."

कमळूकाकाची बाइक घेऊन दोघं निघाले. वळणावर, रस्त्याखालच्या मोरीपाशी, धुळीत गाडी वळवल्याच्या ताज्या खुणा होत्या. हरेशने बाइक बंद केली.

"आये!"

काही नाही. ऊन डोंगरामागे उतरत होतं.

"आये गो!"

"गप," काजलने त्याचा दंड धरला. "ऐक."

टक. टक. दगडावर दगड.

मोरीच्या खाली, वीस फुटांवर, करवंदाच्या जाळीला टेकून सावळी बसली होती. पाय दगडांत अडकलेला, घोटा सुजून काळा पडलेला. करवंदं सगळीकडे सांडलेली. हातात दगड. दोघांना बघून तिचे ओठ हलले.

आवाज नव्हता. इथं तर कुठलं इंजिन चालू नव्हतं. तरी आवाज नव्हता.

काजलने तिला पाणी पाजलं. हरेशने गुडघे टेकले आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"वरडून वरडून नरडं बसलं रे," ती कुजबुजली. मग त्याच्या काळ्या बोटांवरून हात फिरवत म्हणाली, "तीन खेपा आलास बाळा इथवर. तिन्ही खेपेला वाटलं, मला न्यायलाच आलास."