जस्ताची वडी

"बाबा, जस्ताला रंग लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

बोटीच्या मागे, पंखा फिरवणाऱ्या ड्राइव्हखाली आडवी पडून मी निळा ऑइलपेंट खरवडत होते. वर्षाची सगळी कामं आटपली होती. गिअर ऑइल बदललं, पंख्यात गुंतलेला मासेमारीचा तंगूस काढला, आणि आता हे. पंख्यावरची जस्ताची वडी रंगाखाली नवीकोरी होती. तिच्याऐवजी खाऱ्या पाण्यानं ड्राइव्हच खाल्ला होता. हात फिरवला की खळगे लागत होते.

"उघडं बरं दिसत नाही ते," बाबा म्हणाले. "पूजेला चार लोक येतात."

"ते झिजण्यासाठीच बसवतात, बाबा. ते झाकलं की पाणी ड्राइव्ह खातं. आणखी एक वर्ष असंच गेलं, तर बोट परसात ठेवा आणि तिच्यात अळू लावा."

बाबांनी मान डोलावली. मी वडी खरवडून लख्ख केली आणि रंगाचा डबा लपवून ठेवला.

नारळी पौर्णिमेला मी पूजेचं ताट घेऊन बोटीपाशी आले, तर वडीवर शेंदरी ऑइलपेंटचा 'श्री'. या कडेपासून त्या कडेपर्यंत, जस्त दिसायलाही जागा नाही.

"रंग नाही लावला," बाबा हात जोडून म्हणाले. "नुसता श्री काढलाय."

थिनरमध्ये बोळा भिजवून मी खाली बसले. मागे अख्खी आळी उभी होती. सगळ्यांदेखत श्री पुसायला हात उठेना. बोळा टाकला आणि दातओठ खात अक्षता वाहिल्या.

ड्राइव्हच्या खळग्यांत त्या छान अडकून बसल्या.