तिरकी खुर्ची

"माझ्या शेजारणीचं सांगतो हां बाई," लडकू म्हणाला आणि मनस्वीचं टाळकंच सरकलं.

झालं! आता शेजारीण. गेल्या मंगळवारी मेव्हणा होता, त्याआधी चुलतभाऊ. आठ मंगळवार झाले, हा माणूस म्हसा गावाच्या वरच्या पाड्यावरून मुरबाडला येतो, संस्थेच्या समुपदेशन खोलीत तासभर बसतो, पण स्वतःबद्दल चकार शब्द काढेल तर शपथ! दुसऱ्याचं म्हणून जो सांगतो तो स्वतःचंच सांगत असतो, असं मनस्वीला शिकवलं होतं. तिने त्याच्या फायलीत 'टाळाटाळ' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"काय होतंय शेजारणीला?" तिने आवाज गोड ठेवून विचारलं.

"पोरगा गेल्यापासून चूल पेटवत नाय. कोन समजवाया गेला का अंगावर येते."

"मग तिला काय विचारावं, असं तुम्हाला वाटतं?"

ही तिची पद्धत. सल्ला द्यायचा नाही, माणसाकडूनच काढून घ्यायचं. खुर्ची समोरासमोर न मांडता जरा तिरकी ठेवायची, म्हणजे माणूस बुजत नाही. आधी पाणी द्यायचं. मग एवढंच म्हणायचं, "घाई नाही. कुठून सुरू करायचं ते तुम्ही ठरवा."

लडकू जरा पुढे सरकून बसला. "पोराला जेवाया काय आवडायचं, ते इचारू?"

"विचारा," ती म्हणाली. प्रश्न चांगला होता, म्हणून तर तिला जास्तच राग आला. एवढं कळतं या बाबाला, मग स्वतःचं बोलायला काय होतं?

खरं तर राग एकट्या लडकूवर नव्हता. या महिन्यात वीस माणसं आली नाहीत तर खोली बंद, असं संस्थेच्या हरेश सरांनी बजावलं होतं. वीस तारीख उजाडली तरी रजिस्टरात सहाच नावं होती. दोन वर्षं ती आटगावहून गाड्या बदलत इथे येत होती. सुरुवातीला कोणी दारात उभं राहायचं नाही. आता कुठे लोक मोकळे व्हायला लागले, तर एकेक करून गळाले. बाईजा गेली, काशी गेली. का, म्हणून विचारावं तर सगळ्यांचं एकच, "आमी वरच्या पाड्यावर भगताकडं जातो."

"तुमच्या त्या भगताने माझी माणसं पळवली," तिच्या तोंडून निघूनच गेलं. "अंगारा लावायचा, कोंबडी कापायची! त्याने काय दुःख जातं?"

लडकूने हातातली टोपी उलटसुलट केली. "कोंबडी बंद केली म्हंतात त्यानं."

"मग करतो तरी काय?"

"मी काय सांगू बाई? तुमी येवन बघा की एकदा."

महिनाअखेरीला नावं नऊ झाली. सकाळीच हरेश सरांचा फोन आला, "कुलूप लावा आणि किल्ली आणून द्या." मनस्वीने कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हशाची रिक्षा पकडली. त्या भगताला चार शब्द सुनावल्याशिवाय आज घरी जायचंच नाही!

पाड्याची चढण चढताना ती ते चार शब्द घोकत होती. भगताच्या घराबाहेर पडवीत माणसं बसली होती. तिचीच माणसं! बाईजा होती, काशी होती. बाईजाच्या मांडीवर झाकलेला डबा होता, त्याला अजून वाफ येत होती.

"बाई, तुमी पन?" बाईजा सरकून बसली. "पोराला आवडायचं ते रांधलंय आज. जा, तुमी आधी जा गो."

मनस्वी तरातरा आत गेली. आत ना धूप, ना लिंबू. कोपऱ्यात भगत पाठमोरा वाकून माठातलं पाणी तांब्यात ओतत होता.

"लाज नाही वाटत..." तिने सुरुवात केली.

तो वळला. का कोण जाणे, तिचे डोळे भरून आले.

लडकूने स्टूल पुढे ओढलं, जरा तिरकं केलं आणि तांब्या तिच्या हातात दिला.

"घाई नाय बाई," तो म्हणाला. "कुठून सुरू करायचं ते तुमी ठरवा."