अंधारात दिसणारा कॅमेरा

दुकानदाराने शटर जवळजवळ जमिनीपर्यंत ओढलं, दिवे घालवले आणि काळोखात विचारलं, "काय, लग्नाचं शूटिंग का?"

"वादळाचं," दीर म्हणाला. "ढग दाटले की भर दुपारी अंधारून येतं. तेव्हा चालला पाहिजे. आणि खिशालाही परवडला पाहिजे."

"मग सोपं काम. पाहुण्यांचे रुसवेफुगवे तरी नाहीत."

कुणी हसलं नाही. वहिनी काउंटरला टेकून उभी होती. वादळांच्या मागे गाडी घालायची, ती चित्रित करायची आणि ते चित्रण वृत्तवाहिनीला विकायचं, हे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं काम. तो कॅमेरा धरायचा, ती गाडी चालवायची. आठ महिन्यांपूर्वी तो त्यातच गेला. आता कॅमेरा धाकटा दीर धरणार होता. वृत्तवाहिनीला त्याने शब्दही देऊन टाकला होता, आणि कुणी अडवलं म्हणून ऐकणाऱ्यातला तो नव्हता. तिने अडवलं नाही. गाडी मी चालवीन, एवढंच म्हणाली. आठ महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं. आजही ती घरात मिक्सर लागतो म्हणून घ्यायला यावं तशी आली होती.

उजेडात सगळेच कॅमेरे गुणी, असं दुकानदाराचं म्हणणं. म्हणून तो गिऱ्हाईकाला अंधारात उभं करायचा, एक काळा कोट स्टँडवर अडकवायचा आणि तो स्टँड गुपचूप कुठेतरी सरकवून ठेवायचा. कोट ज्यात दिसेल तो कॅमेरा घ्यायचा, पुस्तिकेतले आकडे गेले उडत. गेली वीस वर्षं तो असाच धंदा करत होता आणि माल परत घेऊन येणारे फार थोडे.

पहिल्या कॅमेऱ्यात नुसत्या मुंग्या दिसल्या. दुसऱ्यात कोट दिसला, पण फोकस ठरेना. मागेपुढे, मागेपुढे, सारखी चुळबुळ. तिसरा वापरलेला होता. भिंग मोठं, त्यावर जास्त रुंद दृश्य मावणाऱ्या वाइड भिंगाची जोड, आणि किंमत त्यांच्या आवाक्यातली. दिराने त्याची स्क्रीन उघडली.

"वहिनी, या इकडे. डोळ्यांना ढिम्म काही दिसत नाहीये, आणि ह्यात बटणं मोजून घ्या."

त्याचा आवाज थेट त्याच्या दादासारखा झाला होता. ती जवळ गेली. स्क्रीनवर कोट होता, बाह्यांसकट, बटणांसकट.

"भाऊजी, कोट तुमच्यापासून किती लांब आहे?"

"हा? असेल सात-आठ फूट."

"हात पुढे करा."

त्याने हात पुढे केला. कोपर सरळ व्हायच्या आत बोटं कापडाला लागली. तो दचकून मागे सरला. मग हसायला गेला, पण जमलं नाही. त्याला भीती वाटली होती, आणि वहिनीसमोर वाटली म्हणून लाजही वाटली.

"वाइड आहे ना," दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "वाइडमध्ये सगळं लांबच दिसतं. त्यात हा अंधाराचा उजेड करून दाखवतो, त्यामुळे माणूस जरा निर्धास्त..."

"ह्यांचा कॅमेरा सापडला तेव्हा चालू होता," वहिनी म्हणाली. "मी सगळं बघितलं त्यातलं. त्यात वादळ शेवटपर्यंत लांबच आहे."

दुकानदाराने दिवे लावले.

"स्क्रीन नसलेला आहे का एखादा?" तिने विचारलं.

"तसा कोण बनवेल, ताई?" तो म्हणाला, आणि तरी दुरुस्तीला काढलेल्या मालाचा खण उपसायला लागला. खालून एक कॅमेरा निघाला. "हा बघा. भिंग त्याच जातीचं. स्क्रीन मेलीय आणि डोळा लावून बघायची सोयही नाही, म्हणून पडून आहे. चित्रण मात्र चोख करतो, टीव्हीला जोडून बघितलंय मी. उद्या दुपारपर्यंत नवी स्क्रीन बसवून देतो."

"बसवू नका. टीव्हीला जोडून फोकस दूरवर पक्का करा आणि तो हलू नये म्हणून वर चिकटपट्टी मारा."

"वहिनी, काहीतरीच काय," दीर म्हणाला. "म्हणजे मी काय टिपलं ते मला घरी आल्यावर कळणार?"

"हो. घरी आल्यावर."

"आणि तिथे मी कशात बघू?"

"कशातच नाही. वादळ बघा, समोरच असतं."

तो चिडला. "दादा इतकी वर्षं स्क्रीनवर बघूनच काम करायचा. त्याला काय कळत नव्हतं?"

"माझ्यापेक्षा जास्त कळायचं. म्हणून तर मी त्यांचं ऐकायची." ती जराही आवाज न चढवता बोलत होती. "गाडीच्या बॉनेटवर कॅमेरा टेकवून उभे होते. मला ओरडून म्हणाले, अजून लांब आहे, चित्र हलतंय, इंजिन बंद कर."

दिराचा राग उतरला. त्याने तिच्याकडे बघितलं. पुढचा प्रश्न आठ महिन्यांत त्याने तिला विचारला नव्हता. घरात कुणीच विचारला नव्हता.

"आणि तुम्हाला काचेतून कसं दिसत होतं?"

दुकानदार नखाने चिकटपट्टीचं टोक शोधत होता.

"जवळ," ती म्हणाली. "मी इंजिन बंद केलं."