कडुबाचा बॅकहँड

फोर्टी-थर्टीला कडुबानं बॅकहँड नेटमध्ये घातला आणि विचारलं, "आला का?"

"आला," शिवराज लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. "अजून एकदा, काका. जरा वेगळं हरा."

कडुबाच्या मनगटांना, कोपरांना आणि गुडघ्यांना सेन्सरचे काळे पट्टे बांधले होते. त्यांतून त्याचं हरणं लॅपटॉपमध्ये जात होतं. जागा म्हणजे बजाजनगरातलं एक मंगल कार्यालय. लग्नाची तिथी नसली की हॉल स्वस्तात मिळायचा. नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर स्क्रीन मांडले होते.

शिवराजनं मोबाइलसाठी टेनिसचा गेम बनवला होता. इतका खरा, की त्यात वाऱ्यानं बॉल वळायचा, तिसऱ्या सेटला खेळाडूला धाप लागायची आणि खेळणारा माणूस हरायचा. लोक चौथ्या मिनिटाला गेम काढून टाकत. मग त्यानं समोरचा खेळाडू सोपा केला. तो उगाचच हरू लागला. लोक तिसऱ्या मिनिटाला काढून टाकू लागले. जिंकायचं सगळ्यांना होतं, पण कुणी जिंकू दिलेलं चालत नव्हतं. तेव्हा मोनिकानं, म्हणजे कंपनीतल्या दुसऱ्या आणि शेवटच्या माणसानं, कडुबाचं नाव सुचवलं. तिच्या वडिलांकडं ऑफिसर्स क्लबचं कँटीन होतं.

कडुबा त्या क्लबचा मार्कर. साहेबांना खेळायला जोडीदार नसला की नेटपलीकडं उभा राहणारा पगारी माणूस. एकतीस वर्षं वाळूजच्या कारखान्यांतले साहेब सकाळी सहाला येत, कडुबाला हरवत आणि कामावर जात. त्या दिवशी खालच्या लोकांना जरा कमी बोलणी बसत म्हणे. कडुबा सहा-चार हरायचा, सात-पाच हरायचा. सहा-एक कधीच नाही; त्यात साहेबाचा अपमान. नव्या साहेबाला पहिला महिना घाम गाळूनच जिंकू द्यायचं, मग त्याला हळूहळू सुधारू द्यायचं. बदली होईपर्यंत तो चांगला खेळाडू झालेला असायचा.

यंदा क्लबनं टेनिस कोर्टावर पिकलबॉल नावाच्या नव्या, सोप्या खेळाच्या रेघा मारल्या. साहेब आता एकमेकांकडूनच हरू लागले. कडुबाला शाल आणि नारळ मिळाला. शाल अंगावर पडली तेव्हा त्याला काही वाटलं नाही. मे महिना होता.

अभिमान वाटायचा तो एकाच गोष्टीचा. पहिल्याच दिवशी त्यानं ती शिवराजला सांगितली होती.

"एकतीस वर्षांत एकाबी साहेबाला कळलं नाय. सर्जेराव साहेब तर दर रविवारी जिंकायचे. नॅपकिननं मान पुसायचे अन् म्हणायचे, 'कडुबा, आज तुझं लक्ष नव्हतं.' दर रविवारी हेच. मी मान खाली घालायचो. घरी जाऊन साळूबाईला सांगायचो, आजबी नाय कळलं."

"मग काकू काय म्हणायच्या?"

"म्हणायची, लई मोठा तीर मारला. हातपाय धुवा."

तीन आठवडे कडुबा हरला. बॉलपर्यंत वेळेत पोचायचं, पण पाय अर्धी वीत मागं ठेवायचा. चूक झाली की रॅकेटच्या तारांकडं बघायचं, म्हणजे दोष तारांवर जातो. दोन चुका लागोपाठ करायच्या नाहीत. शिवराज सगळं टिपून घेत होता. इतकं मन लावून कडुबाचं कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी शिवराजनं रिमोट त्याच्या हातात दिला.

"आता तुम्ही खेळा, काका. जिंकू दिल्याचं तुम्हाला नाही कळलं, तर कुणालाच कळणार नाही. सोमवारी गेम बाजारात."

"अन् कळलं तर?"

"तर तीन आठवड्यांचं सगळं पुसायचं, अन् कंपनीला कुलूप लावायचं."

मोनिका हसली नाही. कडुबा खुर्चीत बसला. पडद्यावरच्या खेळाडूचं तोंड कुणाचंही असावं असं होतं. चाल तेवढी कडुबाची होती.

पहिले दोन गेम कडुबा हरला. बटणं हाताला बसत नव्हती. तिसरा त्यानं घेतला. मग चार-तीन. मग पाच-चार. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खुर्चीच्या अगदी टोकाला येऊन बसला होता तो. मॅच पॉइंट त्यानं या बाजूनं एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

फोर्टी-थर्टी.

कडुबानं मारलेला बॉल पलीकडच्याच्या बॅकहँडला गेला. सोपा, कमरेच्या उंचीचा. दुसऱ्या गेममध्ये ह्याच गड्यानं पार कोपऱ्यातला बॉल पळत जाऊन उचलला होता. हा त्यानं नेटमध्ये घातला. मग रॅकेटच्या तारांकडं बघितलं.

कडुबा त्याच्याकडं बघत राहिला. ह्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. चष्मा न लावताही दिसत होतं. सर्जेराव साहेबांना तर निवृत्तीपर्यंत चष्मा लागला नव्हता. कडुबानं मनातल्या मनात रविवार मोजायला घेतले आणि सोडून दिले.

"जिंकले की काका!" शिवराज पुढं झाला. त्याचा आवाज जरा चिरकला होता. "कळलं का काही?"

कडुबानं खांद्यावरचा नॅपकिन घेतला आणि मान पुसली. हॉलमध्ये एसी होता. घाम आलेला नव्हता.

"नाय," तो म्हणाला. "आज त्याचं लक्ष नव्हतं."