स्फोटाचा सीन

“बाबा, रिमोट द्या इकडे,” लेक म्हणाली.

कॅप्टननी रिमोट मांडीखाली सरकवला. पडद्यावर शत्रूचं यान कानठळ्या बसवत फुटलं, तुकडे चहूकडे उडाले. सगळा धूर विरल्यावर त्यांनी रिमोट काढला, सीन मागे नेला आणि तोच स्फोट पुन्हा लावला.

‘नक्षत्रयान’ ही अंतराळातली मालिका बारा वर्षं चालली आणि तिला संपूनही जमाना झाला. कॅप्टनचं वेड काही संपलं नाही. अख्खी नोकरी पोस्टात पार्सलांवर शिक्के मारण्यात गेली, पण गल्लीत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. मालिकेची किती पारायणं झाली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एरवी ठीक होतं हो, माणसाला एखादं खूळ असतं. पण बाजूच्या खाटेवर बायको आजारी आणि हा गृहस्थ आवाज वाढवून स्फोट बघत बसतो, याला काय म्हणायचं? शेजारणीने तोंडावरच विचारलं होतं, “लाज कशी वाटत नाही?”

“नाही वाटत,” कॅप्टननीही तोंडावरच सांगितलं होतं.

त्यांची बायको म्हणजे बाई. शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच. त्यांचा आवाज चढला की शाळेच्या फाटकाबाहेरची पोरंसुद्धा सरळ उभी राहत. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. बोलणं परत येईल, पण प्रयत्न त्यांनीच करायला हवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. गोड पोर, अगदी मन लावून शिकवायची. कपाचं चित्र पुढे धरून विचारायची, “सांगा बरं आजी, हे काय आहे?” आजी भिंतीकडे तोंड फिरवायच्या. सगळा जन्म दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात गेला, आणि आता कपाला कप म्हणून दाखवायचं? छे! मुलगी हळहळत निघून जायची. कॅप्टन दाराशी उभे राहून हे बघायचे. बाई अशाच गप्प राहिल्या तर? या एका विचाराने त्यांना घास गिळवत नव्हता. पण हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. विचारलं कुणी तर टीव्हीचा आवाज आणखी वाढवायचे.

आज लेक आईला न्यायला आली होती. बॅग भरून दारात ठेवली होती, गाडी खाली उभी होती.

“आईला ही मालिका डोळ्यांसमोर नको व्हायची. आठवतंय ना?” लेक त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. “आता ती उठून जाऊ शकत नाही, म्हणून तिच्या उशाशी हे लावून बसता? कसला सूड उगवताय तिच्यावर?”

“माझं घर, माझा टीव्ही. मी बघणार.”

“मग बसा एकटेच बघत! माझ्याकडे तिला निदान शांतता तरी मिळेल.”

“शांतता?” कॅप्टन ताडकन उठले. “चुलीत घाल तुझी शांतता! तुम्ही सगळे तिला शांततेची सवय लावायला निघालाय!”

लेकीने ऐकून घेतलं नाही. ती टीव्हीचा प्लग काढायला भिंतीकडे निघाली. कॅप्टन आडवे आले. गडी हलेना. पाठीमागे हात नेऊन त्यांनी तोच स्फोट पुन्हा लावला, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या.

“वा! क्या बात है!” ते ओरडले. तोंड लेकीकडे होतं, नजर खाटेकडे. “आवाज ऐकलास? अंतराळात अस्साच दणका होतो! शाळेत शिकवायला पाहिजे हे, शाळेत!”

खाटेवर धप्प झालं. बाईंनी डावी मूठ खाटेच्या कडेवर आपटली होती. चेहरा लालबुंद, मानेची शीर तटतटलेली.

“बघा, बघा किती त्रास होतोय तिला!” लेक धावली. “आई, बंद करते हं, लगेच बंद करते.”

बाईंनी तिला डाव्या हाताने बाजूला लोटलं. त्यांचे डोळे नवऱ्यावर रोखलेले होते. ओठ वाकडेतिकडे झाले, जीभ अडखळली, घशातून नुसतीच घरघर आली.

“अ… अहो…”

लेक जागीच थिजली. संसाराच्या चाळीस वर्षांत बाईंनी हा सीन नवऱ्याला एकदाही सुखाने बघू दिला नव्हता. शेकडो भागांमधून कॅप्टननी नेमका हाच काढला होता तो त्यासाठी. धावत जाऊन बायकोला मिठी मारावी असं त्यांना फार वाटलं. पण ते जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत असताना हनुवटी पुढे काढून ते खेकसले, “काय अहो? काय चुकलं त्यात? होतोच आवाज!”

बाईंनी उशीवरून मान उचलली.

“अहो… हवाच… हवाच नाही तिथे! आवाज… येईल कुठून? ढ कुठले!”