चुर्र

"इंजिन संपलंय हिचं. दुपारी भंगारवाला येतोय," माझे सासरे म्हणाले. आठ महिने उभी असलेली माझी जुनी गाडी नाक्यावर जाऊन येईपर्यंत धापा टाकत होती.

लेक माझ्या कडेवर होती. तिच्या बाटलीतलं पाणी मी, तव्यावर शिंपडतात तसं, चारही चाकांवर शिंपडलं. तीन गप्प राहिली. मागचं डावं चुर्र बोललं!

"अण्णा, इंजिन नाही, मागचा ब्रेक चिकटलाय!"

नाक्यावरच्या गॅरेजमधून बोलावलेल्या मिस्त्रींनी जॅक लावला. चाक जागचं हलेना. ड्रमवर हातोडी ठोकली, तसा आतून गंजाचा भुगा पडला. "हँडब्रेक एवढा कोणी खेचून ठेवला होता?"

"मीच." बाळंतपणाला माहेरी जाताना, उतारावरून गाडी घसरेल या धास्तीनं, दोन्ही हातांनी.

"ताई, गाडी इतके दिवस उभी ठेवायची तर हँडब्रेक नाही, गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागे दगड लावायचा."

घासूनपुसून चाक परत बसवलं. लेकीचा इवलासा हात मी टायरवर टेकवला. तिनं ढकललं आणि चाक गरगर फिरलं!

अण्णांनी भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग मांडीवर भला थोरला दगड घेऊन पुढच्या सीटवर बसले.

"चल, सूनबाई. हँडब्रेक आता माझ्याकडे."